बारा किलो वाळू

उज्ज्वलाचं वजन काही केल्या भरत नव्हतं. तिच्या आईनं, रतनबाईनं, तिला तुपात भिजवलेली भाकरी चारली, शेंगदाण्याचे लाडू चारले, गेवराईच्या बाजारातून केळीचे घड आणून समोर ठेवले. पोरगी सगळं हादडायची आणि मेंढरांमागं पळून जिरवून टाकायची. काट्यावर उभी राहिली की काटा त्रेचाळीस किलोवर यायचा आणि तिथंच बसायचा.

आता तुम्ही म्हणाल, मेंढरं वळणाऱ्या पोरीचं वजन किती भरतं याची कुणाला पडलीय? पडली होती. अख्ख्या तळेसांगवीला पडली होती. कारण उज्ज्वला बोटीवर होती, बोटीची शर्यत पुण्याला होती, आणि त्या शर्यतीतून महाराष्ट्राच्या संघाची निवड व्हायची होती.

थांबा, हसू नका. बीड जिल्ह्यात बोट कुठून आली, हेच विचारणार ना? उन्हाळ्यात आमच्याकडं प्यायचं पाणी टँकरनं येतं, हे खरंच आहे. पण गोदावरीवर खालच्या अंगाला बंधारा झाला आणि दिवाळीपासून होळीपर्यंत तळेसांगवीच्या पुढ्यात हे एवढं पाणी तुंबून राहायला लागलं. ज्यांच्याकडं मोटारी होत्या त्यांनी ऊस लावला. बाकीच्यांनी नुसतं बघितलं. तेवढ्यात तानाजी सर लष्करातून निवृत्त होऊन गावी आले. सरांनी पलटणीकडून वल्ही मारून पदकं मिळवलेली. पाणी बघितल्यावर त्यांचे दंड शिवशिवायला लागले. कुठं कुठं खटपट करून त्यांनी एक जुनी, टाकाऊ बोट मिळवली, तिला ठिगळं लावली आणि कॉलेजातल्या पोरी गोळा केल्या.

बोट म्हणजे चाळीस फूट लांब आणि बसणारीच्या कमरेएवढी रुंद. वल्हवायला चौघी आणि शेपटाला पाचवी. गंमत अशी की वल्हवणाऱ्या चौघी उलट्या बसतात, जायचं त्या दिशेला पाठ करून. पुढं दगड आहे का पोहणारी म्हैस आहे, त्यांना काही दिसत नाही. दिसतं ते फक्त पाचवीला. ती चौघींकडं तोंड करून बसते, सुकाणूची दोरी धरते आणि ओरडते. तिला कॉक्स म्हणतात. तिनं वल्ह्याला हात लावायचा नाही. नुसतं ओरडायचं, आणि तिच्या ओरडण्यावर चौघींनी मान मोडून ओढायचं.

आता असली जागा आमच्या भागात कुणाच्या डोळ्यात भरणार नाही? स्वतः काही करायचं नाही, बसून हुकूम सोडायचे, आणि पुढचं फक्त आपल्यालाच दिसतं असं लोकांनी मानायचं. ती जागा बघून गावातल्या निम्म्या पुढाऱ्यांचा जीव वर-खाली झाला. भारतअण्णांचा तर जास्तच.

भारतअण्णा म्हणजे माजी सरपंच. ऊस, दोन हायवा म्हणजे दांडगे डंपर, घरामागं मोठं आवार, आणि आवारात ताडपत्रीखाली झाकलेला वाळूचा डोंगर. तो डोंगर सगळ्या गावाला माहीत होता. चोरीची वाळू पकडणाऱ्या सरकारी पथकाला तेवढा दिसत नव्हता, कारण पथक दिवसा यायचं आणि दिवसा त्यावर ताडपत्री असायची. अण्णांची पोरगी तेजश्री बोटीत पहिलं वल्हं धरायची. म्हणजे तिनं जसं ओढलं तसं मागच्या तिघींनी ओढायचं. तिची जागा कॉक्सच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा. 

सराव बघायला अण्णा एकदा घाटावर आले आणि बघितलं तर काय, आपली पोर घामाघूम होऊन ओढतीय आणि मेंढपाळ म्हाळूची उज्ज्वला समोर बसून तिच्या तोंडावर ओरडतीय.

"सर, हे उलटं कावून?" अण्णांनी विचारलं. "आमच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवणाऱ्याची पोर आमच्या पोरीला हुकूम देणार?"

"अण्णा, तिचं वजन कमी हाय अन् आवाज मोठा हाय," तानाजी सर म्हणाले. "ह्या जागंला तेवढंच लागतं."

"मग आमची राजनंदिनी बसवा. आमच्या भावाची पोर हाय. इंग्रजी शाळंत शिकलीय."

तेव्हा बोटीतनंच तेजश्री म्हणाली, "अण्णा, राजनंदिनीचा आवाज शेजारच्या खुर्चीला ऐकू जात न्हाई. अन् मला बसायचं न्हाई, मला ओढायचंय."

अण्णा माघारी फिरले. पण मनातून गेलं नाही ते.

आवाजाचं मात्र खरं होतं. उज्ज्वलाचा बाप म्हाळू सांगायचा, पोरगी पाळण्यात रडली तरी शिवारातली मेंढरं माघारी फिरायची. सरांनी तिला शर्यतीचे साहेबी हुकूम शिकवले होते. ते तिनं घोकले, बोटीत बसली आणि विसरली. मग तिनं आपलं "ओढ... सोड! ओढ... सोड!" सुरू केलं, आणि बोट बाणासारखी सुटली. सर म्हणाले, राहू दे हेच.

राहता राहिलं वजन. नियम असा की कॉक्स पंचावन्न किलोची पाहिजे. कमी भरली तर तेवढं वजन पिशवीत घालून बोटीत ठेवायचं, म्हणजे हलक्या कॉक्समुळं कुणाला फायदा नको. उज्ज्वला बारा किलोनं कमी. 

म्हाळूनं लगेच तोडगा काढला. "सर, एक कोकरू देतो. बरुबर बारा किलोचं हाय. पोरीची वळख हाय त्याला, मांडीवर गप बसंल."

"मामा, जिवंत वजन चालत न्हाई."

"मग काय मारून देऊ?" म्हाळू चिडला. दोन दिवस तो सरांशी बोलला नाही.

ज्वारी ठेवली तर भिजून फुगते. दगड ठेवले तर बोटीचं बूड फाटतं. मीठ विरघळतं. लष्करात वाळूची पिशवी ठेवायचे, म्हणून सर म्हणाले, वाळूच. गोदावरीच्या काठी राहतो आपण, वाळूला काय तोटा?

अहो, तोटाच होता! पोरी पिशवी घेऊन नदीत उतरल्या तर पायाखाली नुसता चिखल आणि खडक. काठानं हिंडल्या, पलीकडं गेल्या, ओंजळभर वाळू मिळाली नाही. नदी पार खरवडून नेलेली. उज्ज्वलाची आजी सांगायची की पूर्वी ह्या वाळूत टरबुजं व्हायची. पोरींना ते खोटं वाटायचं.

मग उज्ज्वलालाच सुचलं. शाळेपुढं गतिरोधक होता. रात्री हायवा भरधाव यायच्या, त्यावर आदळायच्या, आणि दर खेपेला पसा-दोन पसे वाळू रस्त्यावर सांडायची. सकाळी शाळेची मुलं यायच्या आत उज्ज्वला खराटा आणि सुपली घेऊन जायची, झाडून भरायची, घरी चाळायची. आठवडाभरात बारा किलो झाली. रतनबाईनं जुन्या गोधडीच्या कापडाची पिशवी शिवली आणि वर लाल दोऱ्यानं टाके घातले. नदीत नसलेली वाळू अशी नदीत परत गेली, तीही बोटीत बसून.

सगळं बेस चाललं होतं. निवड पंधरवड्यावर आली होती. सर घड्याळ बघायचे आणि काही बोलायचे नाहीत, म्हणजे वेळ चांगली पडत होती. उज्ज्वला आयुष्यात पहिल्यांदा पुण्याला जाणार होती. संघात जागा मिळाली तर त्याच्या पुढंही कुठं कुठं. मेंढरांमागं फिरताना ती पोरगी एकटीच हसायची. लई आस लागली होती तिला.

आणि मग पथक आलं.

झालं असं की वरून कुणीतरी झापलं होतं. महिना संपत आला तरी वाळूची एक कारवाई नाही म्हणजे काय? पथकाचे प्रमुख उत्तरेश्वर साहेब. सज्जन माणूस, कुणाचं वाईट बघवायचं नाही त्यांना, म्हणून ते बहुतेक काही बघायचेच नाहीत. त्या दिवशी मात्र काहीतरी पकडल्याशिवाय माघारी जायची सोय नव्हती. जीप घाटावर लावून ते पाण्याकडं बघत बसले होते. तेवढ्यात वळणावरून बोट आली.

साहेबांनी हात वर केला. थांबा! बरोबरच्या शिपायानं टॉवेल हलवला. चौघींची पाठ होती, त्यांना काय कळणार? दिसलं ते उज्ज्वलाला. तिला वाटलं, जीप घेऊन साहेब लोक आपला सराव बघायला आलेत. पोरगी हरखली. तिनंही हात हलवला आणि छाती फुगवून ओरडली, "साहेब बघायलेत गं! जोर लावा! ओढ... सोड!" बोट साहेबांच्या समोरून सूं करून निघून गेली.

पुढं वळून माघारी आल्या तेव्हा पकडल्या. पंचनाम्यात काय लिहिलं ते ऐका. 'पथकास पाहताच आरोपींनी बोटीचा वेग वाढविला. ओळख पटू नये म्हणून चौघींनी पथकाकडे पाठ केली. पाचवी इसम हातवारे करून इतरांना पळून जाण्यास चिथावणी देत होती. बोटीत लपविलेली वाळू मिळून आली.' वाळू किती, तिथं साहेब अडले. मोजायचं माप ब्रास. एक ब्रास म्हणजे निम्मा ट्रक. बारा किलोचे किती ब्रास? शिपाई म्हणाला, शून्य येतंय साहेब. शून्य लिहिलं तर कारवाई कसली? साहेबांनी एक ब्रास लिहिलं.

तानाजी सर धावत आले. "साहेब, अहो हे वजन हाय! कॉक्सचं वजन!"

"असेल," साहेब म्हणाले. "पण वाळूचं आहे ना?"

बोट जप्त झाली. जप्त केलेले ट्रॅक्टर जिथं गंजत पडतात त्या आवारात नेऊन ठेवली. चाळीस फुटांची बोट आत मावेना. निम्मी आत, निम्मी फाटकाबाहेर. फाटक लावता येईना, म्हणून दोन ट्रॅक्टर त्याच रात्री आपोआप घरी गेले. त्याचा पंचनामा झाला नाही.

सरांनी चार दिवस खेटे घातले. आज या, उद्या या, मोठे साहेब मीटिंगला गेलेत. पोरी घाटावर जमायच्या आणि पाण्याकडं बघून घरी जायच्या. शेवटी सरांनी मन मारलं आणि भारतअण्णांच्या दारात गेले. 

अण्णा आधीच तयार होते. महिन्याची कारवाई बोटीवर भागल्यामुळं त्यांच्या हायवा निवांत पळत होत्या. पण बोटीत आपलीही पोर होती, आणि तेजश्रीनं घरात बोलणं टाकलं होतं. तेव्हा अण्णांनी एका दगडात मरतील तितके पक्षी मारले.

"साहेबांशी बोललोय," ते म्हणाले. "बोट सोडत्यात. फक्त कुणीतरी जबाब द्यायचा की वाळू मी नदीतून उपसली. उज्ज्वलाची पिशवी, उज्ज्वलानं द्यावा. दंड मी भरतो."

"पण मग तिच्यावर केस व्हईल, अण्णा."

"बारीकशी. पोरगी गावातच ऱ्हाणार, काय फरक पडतो? आता केस असलेल्या पोरीला निवडीला नेता येत न्हाई, ते तुमाला कळतंच. तिच्या जागी राजनंदिनी बसंल. तिचं वजन छप्पन्न हाय. वाळूची भानगडच न्हाई."

सर खाली मान घालून बसले. मोठा कणखर माणूस, पण काय करतो? पाचातल्या चौघींचं तरी भलं होतंय, असं त्यांनी स्वतःला समजावलं. समजूत पटली नाही, पण ते "नाही" म्हणाले नाहीत.

म्हाळूकडं अण्णा स्वतः गेले. कधी न येणारा माणूस मेंढवाड्यावर आला, मेंढरांची विचारपूस केली, चहा घेतला. जाताना म्हणाले, "यंदा ऊस तुटला की मेंढरं आमच्याच शेतात बसव, म्हाळू. दुसरीकडं कावून जातो? पोरीला तेवढं नीट सांग." म्हाळूनं पोरीला काहीच सांगितलं नाही. रात्रभर नुसता कूस बदलत राहिला. उज्ज्वलाला सगळं कळलं.

जबाबाच्या दिवशी ती अण्णांच्या गाडीत मागं बसून गेली. शेजारी तेजश्री. दोघी एकमेकींकडं बघत नव्हत्या. बोटीत महिनोन्‌महिने एकमेकींच्या तोंडाकडं बघून त्यांनी पाणी कापलेलं, आणि आता मधे हातभर जागा सोडून बसलेल्या. आपली जागा जाणार ह्याचं दुःख उज्ज्वलाला होतंच. पण ही पण काही बोलत नाही, ह्याचं जास्त होतं.

आवारात पुष्कळ माणसं होती. ट्रॅक्टर सोडवायला आलेले, चहावाले, उगाच उभे राहणारे. फाटकातून बोटीचं अर्धं अंग बाहेर आलेलं, त्यावर कुणीतरी टॉवेल वाळत घातलेला. उज्ज्वलानं तो टॉवेल बघितला आणि तिचं टाळकं सरकलं.

टेबलावर तिची पिशवी होती, लाल टाक्यांची. उत्तरेश्वर साहेबांनी पेन उघडलं. जबाब आधीच लिहून तयार होता. तरी विचारायची पद्धत असते म्हणून त्यांनी विचारलं, "वाळू कुठून उचलली?"

"नदीतून म्हण," अण्णा कानाशी पुटपुटले.

उज्ज्वलानं तोंड उघडलं. म्हणणार होती ती, देवाशप्पथ म्हणणार होती. बापाची मेंढरं डोळ्यापुढं होती. पण तो शब्द काही केल्या जिभेवर येईना. नदीत वाळू आहे कुठं? चिखलात गुडघ्याएवढं रुतून तिनं स्वतः शोधलेली. खोटं बोलायलासुद्धा नदीत ओंजळभर वाळू पाहिजे की नको!

"नदीत वाळू हायच कुठं, साहेब?" ती म्हणाली. आणि आवाज तिचा तो. तिला वाटलं आपण हळूच बोललो. रस्त्यापलीकडचा चहावाला गाळणी हातात धरून थांबला. "शाळंपुढच्या गतिरोधकावर मिळती. भारतअण्णाच्या हायवातनं रोज सांडती, म्या झाडून आणलीय. अजून पाहिजे तर अण्णाच्या घरामागं ढीग हाय, ताडपत्रीखाली. हे समोर उभे हायेत अण्णा, त्यांनाच इच्चारा!"

मग दोन-चार मोबाइल वर झाले. 

उत्तरेश्वर साहेबांच्या पेनाचं टोक कागदावर टेकलेलं, ते तिथंच राहिलं. हे लिहावं तर अण्णांच्या घरी जावं लागणार, ताडपत्री उचलावी लागणार, आणि इतके दिवस का नाही उचलली ते सांगावं लागणार. न लिहावं तर मोबाइल वर झालेले. साहेबांनी अण्णांकडं बघितलं. अण्णांनी साहेबांकडं बघितलं. काय तो जिव्हाळा, काय ती समजूत! सख्ख्या भावांत नसते.

"साहेब," अण्णा घसा खाकरून म्हणाले, "जरा नीट बघा. ही वाळू हाय का खरंच?"

साहेबांनी पिशवीत हात घातला. चिमूट काढली, बोटांत चोळली, उन्हात धरली, वास घेतला. शिपायाला वास दिला. शिपाई हुशार होता. म्हणाला, "मला तर साहेब ही वाळू वाटतच न्हाई. धूळ हाय रस्त्याची. जराशी जाड."

"मलाही पहिल्यापासून शंका होतीच," साहेब म्हणाले आणि नवा कागद घेतला. 'बोटीत मिळालेला पदार्थ हा वाळू नसून वाळूसारखा दिसणारा इतर पदार्थ असल्याचे निष्पन्न झाले. सबब बोट मुक्त करण्यात येत आहे.' सही, शिक्का. पिशवी मात्र पदार्थ तपासायला ठेवून घेतली.

बोट सुटली. पण अण्णा काही सुटू देणारे नव्हते. घरी जाऊन त्यांनी जाहीर केलं, "त्या पोरीच्या समोर माझी पोर बसणार न्हाई. पुन्हा त्या घाटावर पाय ठेवायचा न्हाई. बास." राजनंदिनीचं नावही काढलं नाही, बोटीवरच फुली मारली. म्हाळूला निरोप आला, मेंढरं दुसरीकडं बघ.

"बघतो की," म्हाळू म्हणाला. "शिवार काय अण्णानं इकत घेतलंय?" आणि मग पोरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "लई वरडलीस. बेस केलंस." त्यानंतर तो बराच वेळ डोळे पुसत होता आणि धूर लागला म्हणत होता. चूल तर विझलेली होती.

उरलेले दिवस कसे गेले विचारू नका. तिघी वल्हवायच्या आणि उज्ज्वलाच्या समोरची जागा रिकामी. रिकाम्या जागेकडं बघून ती ओरडायची. त्यात वाळूही नव्हती. आवारातल्या त्या दिवसानंतर हायवांना वरून ताडपत्र्या बांधल्या होत्या, गतिरोधकावर चालक बाळंतिणीला नेल्यासारखी गाडी नेत होते. खराट्याला चिमूटभर लागायची नाही. म्हाळूनं पुन्हा कोकराचं नाव काढलं. ह्या खेपेला सर "नाही" म्हणायच्या आधी जरा थांबले.

निघायची सकाळ झाली. बोट टेम्पोवर बांधली, मागं निघालेल्या टोकाला लाल फडकं लावलं. वल्ह्यावरच्या तिघी, मनिषा आणि बाकीच्या दोघी, चढून बसल्या. सरांनी कॉलेजातली एक नवखी पोरगी चौथी म्हणून धरून आणली होती, ती आत्ताच रडवेली झाली होती. 

"चला," सर म्हणाले. "जे व्हईल ते व्हईल."

तेवढ्यात स्कूटीचा आवाज आला. तेजश्री. पायाशी सिमेंटचं पोतं, तोंड सुतळीनं बांधलेलं. तिनं गाडी उभी केली, पोतं उचललं आणि उज्ज्वलाच्या पुढ्यात आदळलं.

"बारा किलो हाय," ती म्हणाली. "चाळलीय. घरची हाय."

"ढिगातली?"

"मग काय इकत आणू? ताडपत्री काढून दिवसाढवळ्या भरली. अण्णा वट्ट्यावर बसून बघत होते. म्हणले, वाळूची पावती हाय का? म्हणलं, तुमच्याकडं हाय का?"

"मग?"

"मग काय. चहा प्यायले."

उज्ज्वलाला हसू आलं आणि रडूही आलं. "त्या दिवशी गाडीत बोलली कावून न्हाईस?" तिनं विचारलं.

तेजश्री खाली बघत म्हणाली, "भेले होते. तू वरडलीस तेव्हा मला कळलं, वरडलं तर काय व्हत न्हाई." मग एकदम, "सरक की तिकडं, मला बसू दे." नवखी पोरगी टुणकन उतरून घरी पळाली.

पुण्याला वजनाच्या काट्यापाशी एक पांढऱ्या टोपीतले गृहस्थ होते. उज्ज्वला चढली, मग पोतं चढलं, काटा पंचावन्नच्या वर कांकणभर गेला. गृहस्थांनी पोत्यात बोट घालून बघितलं. "वा, वाळू फार छान आहे हो. हल्ली अशी मिळत नाही. कुठली?"

"गोदावरीची," तेजश्री म्हणाली. "चोरीची."

गृहस्थ मनापासून हसले. बीडची माणसं विनोदी असतात, असं त्यांनी शेजारच्याला सांगितलं.

शर्यतीचं काय सांगू? दोघी समोरासमोर, गुडघ्याला गुडघा. शेजारच्या बोटी नव्या कोऱ्या, पोरींचे कपडे एकसारखे. बंदूक वाजली आणि उज्ज्वलानं आवाज लावला. निम्म्या वाटेत त्या तिसऱ्या होत्या. चौघींना ते दिसत नव्हतं, फक्त उज्ज्वलाला दिसत होतं. ती तेजश्रीच्या डोळ्यांत बघून ओरडली, "पथक आलं गं! पळा!"

पळाल्या. अशा पळाल्या की शेजारच्या बोटीतली कॉक्स आपलं ओरडायचं विसरून ह्यांच्याकडं बघत राहिली. वल्ह्याच्या पात्याएवढ्या अंतरानं का होईना, पहिल्या आल्या. महाराष्ट्राच्या संघात तेजश्री आणि मनिषा वल्ह्यावर, आणि कॉक्स म्हणून उज्ज्वला म्हाळू. तानाजी सरांनी घड्याळ खिशात टाकलं.

गावी आल्यावर सत्कार. कुणाचा सत्कार आणि कोण करणार, हे तुम्हाला कळलंच असेल. शाळेपुढं, त्याच गतिरोधकाशेजारी मांडव. वर फलक, 'मा. भारतअण्णांच्या प्रेरणेने!' त्यात अण्णांचा फोटो बैलगाडीच्या चाकाएवढा, पोरींचे बिल्ल्याएवढे, आणि उज्ज्वलाचा कोपऱ्यात. वाऱ्यानं फलक पडू नये म्हणून खांबांच्या बुडाला भरलेली पोती रचलेली. प्रमुख पाहुणे उत्तरेश्वर साहेब. खुर्चीत ऐसपैस बसलेले, एक पाय शेजारच्या पोत्यावर टेकवून.

नारळ झाले, शाली झाल्या. अण्णा बोलले, साहेब बोलले. जिल्ह्यात पाण्याची आणि गुणांची कमतरता नाही, असं म्हणाले. मग कुणीतरी मागून ओरडलं, "उज्ज्वलाला बोलू द्या!" अण्णांच्या कपाळाला घाम आला. पण सगळं गाव टाळ्या वाजवायला लागलं तेव्हा काय करतात? माईक तिच्याकडं देताना त्यांनी हळूच बटण बंद केलं.

उज्ज्वला उभी राहिली. समोर म्हाळू आणि रतनबाई होते. शेजारी तेजश्री. तिनं उज्ज्वलाकडं बघून मान हलवली, शर्यत सुटायच्या आधी हलवायची तशी.

उज्ज्वलानं बंद माईक खाली ठेवला. 

"साहेब," ती म्हणाली, आणि ते पार नदीपलीकडं ऐकू गेलं, "तेवढा पाय काढा. वाळू हाय ती."